गट, चाळणी आणि अदृश्य शून्य : एसक्यूएलमधील 'हॅविंग' या उपवाक्याची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयातील निकाल, हजेरी, शुल्क, शिष्यवृत्ती आणि ग्रंथालयातील देवघेव यांच्या नोंदी आता बहुतेक ठिकाणी संगणकात ठेवल्या जातात. या नोंदींचे मोल त्यांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर ठरते. एखाद्या विद्यार्थ्याला किती गुण मिळाले, हा प्रश्न एका ओळीचा आहे. कोणत्या विषयाची सरासरी घसरली, कोणत्या तुकडीत गैरहजेरी वाढली, कोणत्या अभ्यासक्रमाला विद्यार्थीच मिळत नाहीत, हे प्रश्न मात्र ओळींच्या समूहाचे आहेत. प्राचार्यांच्या बैठकीत, विद्यापीठाकडे पाठवावयाच्या विवरणपत्रात आणि मूल्यांकन समितीसमोर ठेवावयाच्या अहवालात असेच प्रश्न येतात. तासिका, पदे आणि निधी यांविषयीचे निर्णय पुष्कळदा त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतात.

अशा प्रश्नांसाठी एसक्यूएल या प्रश्नभाषेत 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग' ही दोन उपवाक्ये आहेत. पहिले ओळींचे गट पाडते, दुसरे त्या गटांतून निवड करते. अध्यापनात 'हॅविंग'च्या वाट्याला जेमतेम एखादी तासिका येते आणि विद्यार्थ्याच्या वहीत एकच सूत्र उरते : 'व्हेअर' ओळींसाठी, 'हॅविंग' गटांसाठी. हे सूत्र खरे आहे. परीक्षेपुरते ते पुरेसेही ठरते. परंतु तेच पाठ करून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे एखाद्या कार्यालयात अहवाल तयार करू लागतो, तेव्हा त्या सूत्रात न आलेल्या गोष्टींची किंमत त्याच्याऐवजी इतरांना मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात 'हॅविंग'चा उगम, त्याचा अर्थव्यवहार, त्यावरील आक्षेप आणि त्याच्या वापरात दडलेली जबाबदारी यांची चिकित्सा केली आहे. गटांची यादी मुळात कोठून येते, या प्रश्नाबाबत ही रचना मौन बाळगते आणि तीच तिची मुख्य मर्यादा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. उगम : सामान्य वापरकर्त्यासाठी घडविलेली भाषा

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ई. एफ. कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात पाहावी आणि ती शोधण्याचा मार्ग वापरकर्त्याने सांगू नये, केवळ काय हवे ते सांगावे, हा त्यामागील विचार होता. कॉड यांनी सुचविलेली भाषा गणिती चिन्हांची होती. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' या नावाने तिला साध्या इंग्रजी वाक्याचे रूप दिले. संगणकतज्ज्ञ नसलेले लेखापाल, अभियंते, वास्तुरचनाकार आणि नगररचनाकार हे तिचे अपेक्षित वापरकर्ते होते. ती शिकण्यास किती सोपी आहे, याची चाचणीही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर घेतली गेली आणि फिलिस राइस्नर, बॉइस व चेंबरलिन यांनी १९७५ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. १९७६ च्या 'सीक्वेल-२' मध्ये 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग' ही जोडी आजच्याच स्वरूपात दिसते. पुढे 'एसक्यूएल' हे नाव रूढ झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर भाषेला मानकाचा दर्जा मिळाला.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. कॉड यांच्या मूळ बीजगणितात गट करणे, बेरीज घेणे, सरासरी काढणे या क्रिया नव्हत्या. व्यवहाराची गरज म्हणून त्या भाषेत आल्या; अशा क्रियांसह बीजगणिताची औपचारिक मांडणी अँथनी क्लग यांनी १९८२ मध्ये केली. म्हणजे 'हॅविंग'चा वापर आधी सुरू झाला आणि सिद्धान्त मागाहून आला. या क्रमाच्या खुणा आजही भाषेत दिसतात.

२. 'हॅविंग' आणि 'असलेला'

एकाच भाषेत 'व्हेअर' आणि 'हॅविंग' असे अटीचे दोन शब्द का असावेत, हा विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मराठी वाक्यरचनेच्या साहाय्याने स्पष्ट करता येते. 'ज्या विद्यार्थ्यांना चाळीसपेक्षा कमी गुण आहेत' आणि 'ज्या विषयांची सरासरी चाळीसपेक्षा कमी आहे' ही दोन्ही वाक्ये एकाच घडणीची आहेत. फरक आहे तो 'ज्या' या शब्दानंतर येणाऱ्या नामात. नोंदवहीतील एक ओळ म्हणजे एका विद्यार्थ्याचे एका विषयातील गुण, असे धरले तर पहिल्या वाक्यातील अट एकेका ओळीकडे पाहून तपासता येते. दुसऱ्या वाक्यातील 'विषय' ही ओळ नाही. तो अनेक ओळी एकत्र आल्यावर निर्माण होणारा गट आहे. 'सरासरी' हा त्या गटाचा गुणधर्म आहे, त्यातील कोणत्याही एका ओळीचा नाही. 'हॅविंग' या शब्दाला मराठीत 'असलेला' हा जवळचा प्रतिशब्द ठरतो : चाळीसपेक्षा कमी सरासरी असलेला विषय.

मात्र नैसर्गिक भाषेतील वाक्य तेवढ्याने निर्णायक ठरत नाही. 'पंचाहत्तर टक्के हजेरी असलेले विद्यार्थी' हे वाक्य घ्यावे. सत्राअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्यापुढे हजेरीची टक्केवारी भरून ठेवलेली असेल, तर ही अट ओळीची आहे आणि ती 'व्हेअर'मध्ये जाते. नोंदवहीत प्रत्येक तासिकेची स्वतंत्र ओळ असेल, तर टक्केवारी गट केल्यावरच अस्तित्वात येते आणि तीच अट 'हॅविंग'मध्ये जाते. वाक्यातील एक अक्षरही न बदलता उपवाक्य बदलते. याचा अर्थ असा की, 'व्हेअर' की 'हॅविंग' हा निर्णय केवळ व्याकरणाचा नाही. नोंदवही कशी ठेवली आहे, तिच्यातील एक ओळ नेमके काय सांगते, हे माहीत असल्याखेरीज तो घेता येत नाही. पाठ केलेल्या सूत्रात हा संदर्भ हरवतो.

३. दोन चाळण्या, दोन प्रश्न

क्वेरी लिहिण्याचा क्रम आणि तिचा अर्थ लावण्याचा क्रम यांत फरक आहे. लिहिताना 'सिलेक्ट' सर्वांत आधी येते. अर्थाच्या दृष्टीने मात्र आधी 'फ्रॉम'मधील तक्ता घेतला जातो, मग 'व्हेअर'ने ओळी गाळल्या जातात, उरलेल्या ओळींचे 'ग्रुप बाय'ने गट पडतात, त्या गटांवर 'हॅविंग'ची अट लागते आणि अखेरीस 'सिलेक्ट'मधील स्तंभ दाखविले जातात. धान्य आधी चाळून मग पोती भरणे आणि पोती भरून मग वजनानुसार पोती निवडणे, असा हा दोन चाळण्यांमधील भेद आहे.

या भेदाचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, निकालाच्या तक्त्यात चार विषय आहेत. मराठीत सहा विद्यार्थी असून त्यांचे गुण ६२, ५८, ३५, ७१, ४४ आणि ३० आहेत. इतिहासात पाच विद्यार्थी : ३८, ३६, ३९, ३३, ३४. भौतिकशास्त्रात पाच : ८५, २०, २५, २२, २८. संस्कृतात दोनच : ५५ आणि ६५. उत्तीर्ण होण्यासाठी ४० गुण आवश्यक आहेत. विषयवार सरासरी अनुक्रमे ५०, ३६, ३६ आणि ६० येते.

आता 'सरासरी ५० किंवा अधिक असलेले विषय' असा प्रश्न केवळ 'हॅविंग'ने विचारला, तर मराठी आणि संस्कृत हे दोन विषय मिळतात. परंतु क्वेरी लिहिणाऱ्याने उत्तीर्ण विद्यार्थ्यांपुरतेच पाहावे म्हणून 'व्हेअर'मध्ये '४० किंवा अधिक गुण' अशी अट घातली, तर मराठीची सरासरी ५८.७५ होते, संस्कृतची ६० राहते आणि भौतिकशास्त्राची एकदम ८५ होते. कारण तेथे एकच विद्यार्थी उरतो. पाचांपैकी चार अनुत्तीर्ण झालेला विषय यादीच्या शिखरावर जातो. संगणकाने कोणतीही चूक दाखविलेली नसते, कारण व्याकरणदृष्ट्या चूक झालेलीच नसते. दुसरी क्वेरी वेगळ्या प्रश्नाचे अचूक उत्तर देते. अहवालाच्या शीर्षकात मात्र बहुधा 'विषयवार सरासरी' एवढेच लिहिलेले असते. वाचकाला उत्तर दिसते. कोणत्या चाळणीने आधी काय गाळले, ते दिसत नाही.

जी अट केवळ गटाच्या नावावर आहे, उदाहरणार्थ 'विषय संस्कृत नसावा', ती कोणत्याही उपवाक्यात लिहिली तरी उत्तर सारखेच येते. पोस्टग्रेएसक्यूएलसारखी प्रणाली अशी अट 'हॅविंग'मध्ये आढळल्यास शक्य तेथे स्वतःच 'व्हेअर'मध्ये हलविते, कारण आधी गाळलेल्या ओळींचे गट करण्याचा खर्च वाचतो. पाठ्यपुस्तकांत 'हॅविंग'ऐवजी 'व्हेअर' वापरल्यास क्वेरी जलद चालते, हा सल्ला आढळतो. तो या मर्यादित प्रकारापुरताच लागू आहे. सरासरी, बेरीज वा संख्या यांवर परिणाम करणारी अट वेगासाठी इकडून तिकडे नेता येत नाही. तसे केल्यास प्रश्नच बदलतो.

४. अदृश्य शून्य

वरील उदाहरणात इतिहास हा विषय दुसऱ्या यादीतून नाहीसा झाला, याकडे आता वळावे लागेल. 'ज्या विषयांत दोनपेक्षा कमी विद्यार्थी उत्तीर्ण झाले ते विषय' असा प्रश्न परीक्षा विभाग विचारतो, असे समजू. सरळमार्गी उत्तर असे : 'व्हेअर'मध्ये ४० किंवा अधिक गुण, 'ग्रुप बाय' विषय, आणि 'हॅविंग'मध्ये ओळींची संख्या दोनपेक्षा कमी. या क्वेरीचे उत्तर 'भौतिकशास्त्र' एवढेच येते. इतिहासात एकही विद्यार्थी उत्तीर्ण नाही; शून्य ही संख्या दोनपेक्षा कमीच आहे; तरीही इतिहास यादीत नाही.

कारण स्पष्ट आहे. 'व्हेअर'ने इतिहासाच्या पाचही ओळी गाळल्या. ओळच उरली नाही म्हणून गट पडला नाही. गट नाही म्हणून 'हॅविंग'पुढे इतिहासाचे नाव आलेच नाही. ज्या विषयाकडे सर्वाधिक लक्ष देण्याची गरज होती तोच त्रुटींच्या यादीतून सुटला. येथे त्रुटी जितकी मोठी, तितकी ती दिसण्याची शक्यता कमी, असा विपरीत संबंध निर्माण होतो.

भाषेच्या रचनेत याबाबत एक विसंगतीही आहे. 'ग्रुप बाय' न वापरता रिकाम्या तक्त्यातील ओळी मोजल्या, तर उत्तर शून्य अशी एक ओळ मिळते. तोच तक्ता 'ग्रुप बाय'सह मोजला, तर एकही ओळ मिळत नाही. पहिल्या प्रसंगी भाषा शून्य उच्चारते, दुसऱ्या प्रसंगी गप्प राहते.

यावर उपाय आहेत. पहिला असा की, 'व्हेअर'मध्ये ओळी न गाळता मोजणीतच अट घालावी : उत्तीर्ण असल्यास एक, नसल्यास शून्य धरून बेरीज करावी आणि ती बेरीज 'हॅविंग'मध्ये तपासावी. मग भौतिकशास्त्र एक आणि इतिहास शून्य असे दोन्ही विषय हाती येतात. २००३ च्या मानकात यासाठी 'फिल्टर' ही स्वतंत्र सोय आली; पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि हा उपाय ज्या विषयाची किमान एक ओळ तक्त्यात आहे त्यालाच पुरतो. समजा, तत्त्वज्ञान हा विषय मंजूर आहे, पण त्याला कोणी प्रवेशच घेतला नाही. निकालाच्या तक्त्यात त्याची ओळ असणारच नाही. त्यासाठी विषयांच्या मूळ यादीपासून प्रारंभ करून तिला निकालाचा तक्ता 'लेफ्ट जॉइन'ने जोडावा लागतो. तेथेही सावधानता हवी. उत्तीर्णतेची अट जोडणीच्या ठिकाणी लिहावी लागते; ती 'व्हेअर'मध्ये लिहिल्यास रिकामे विषय पुन्हा गळतात. शिवाय सर्व ओळी मोजल्यास रिकाम्या विषयापुढेही एक आकडा येतो, कारण जोडणीतून एक कोरी ओळ तयार झालेली असते. म्हणून निकालाच्या तक्त्यातील विद्यार्थी क्रमांकासारखा स्तंभ मोजावा लागतो.

नाहीसे होण्याचा आणखी एक मार्ग 'नल' या अज्ञात मूल्याचा आहे. एखाद्या विषयाचे सर्व विद्यार्थी गैरहजर असून त्यांच्या गुणांचे रकाने कोरे असतील, तर त्या गटाची सरासरी अज्ञात राहते. 'सरासरी ४० पेक्षा कमी' ही अट तेथे खरी ठरत नाही आणि '४० किंवा अधिक' हीदेखील नाही. तो विषय दोन्ही याद्यांतून वगळला जातो. दोन परस्परविरुद्ध याद्या एकत्र केल्या म्हणजे सर्व विषय आले, हा वाचकाचा स्वाभाविक समज येथे फोल ठरतो.

५. आक्षेप आणि पर्याय

'हॅविंग'वरील टीका जुनी आहे. सी. जे. डेट यांनी १९८४ मध्ये एसक्यूएलची सविस्तर चिकित्सा केली. भाषेतील घटक परस्परांशी मुक्तपणे जोडता येत नाहीत, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता. डेट आणि ह्यू डार्वेन यांच्या पुढील लेखनात 'हॅविंग' हे अनावश्यक उपवाक्य आहे, अशी भूमिका आढळते. त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. गट करून तयार झालेले उत्तर हाही एक तक्ताच असतो. त्या तक्त्याला 'फ्रॉम'मध्ये ठेवता आले, तर त्यावर साधे 'व्हेअर' लावून गटांची निवड करता येते. १९९२ च्या मानकाने 'फ्रॉम'मध्ये उपक्वेरी लिहिण्याची मुभा दिली, तेव्हापासून 'हॅविंग'ने होणारे प्रत्येक काम त्याच्याविना करता येते. उगमकाळी ही मुभा नव्हती. म्हणून दुसऱ्या चाळणीसाठी दुसरा शब्द लागला. नंतर गरज सरली, तरी शब्द राहिला.

एवढेच नव्हे, तर तीच गोष्ट पुन्हा घडली. विंडो फंक्शन ही सोय आल्यावर तिच्या फलितावर अट घालण्यासाठी 'व्हेअर' आणि 'हॅविंग' दोन्ही अपुरी पडली, आणि टेराडेटाने 'क्वालिफाय' हे तिसरे उपवाक्य आणले. स्नोफ्लेक आणि बिगक्वेरी यांनीही ते स्वीकारले. २०२३ च्या मानकात मात्र त्याला स्थान नाही. गूगलमधील संशोधकांनी २०२४ मध्ये 'पाइप' रचनेचा प्रस्ताव मांडला. तीत क्रिया ज्या क्रमाने घडतात त्याच क्रमाने लिहिल्या जातात आणि निवडीसाठी एकच 'व्हेअर' कोठेही वापरता येते. गट करण्यापूर्वी लिहिले तर ओळींवर, नंतर लिहिले तर गटांवर. तीन शब्दांचे काम एका शब्दाने होते.

दरम्यान 'हॅविंग'ची बोलीही ठिकठिकाणी बदलली आहे. 'सिलेक्ट'मध्ये सरासरीला दिलेले टोपणनाव मायएसक्यूएलच्या 'हॅविंग'मध्ये चालते, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये चालत नाही. गटात नसलेला स्तंभ 'सिलेक्ट'मध्ये लिहिल्यास मायएसक्यूएल एकेकाळी मूळ स्थितीत त्या गटातील कोणतेही मूल्य दाखवून मोकळे होई. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून ते मूळ स्थितीतच अशी क्वेरी नाकारते. जुन्या आवृत्तीवर शिकलेल्या विद्यार्थ्याला नवी आवृत्ती कठोर वाटते. प्रत्यक्षात ती अधिक प्रामाणिक आहे.

या सर्व आक्षेपांची दखल घेतल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. उपक्वेरी, 'क्वालिफाय' किंवा 'पाइप' यांपैकी कोणताही पर्याय इतिहास विषयाला आपोआप यादीत परत आणत नाही. शब्दांची संख्या कमी झाली तरी गट ओळींतूनच जन्मतात आणि ओळ नाही तेथे गट नाही. त्या दृष्टीने डेट आणि डार्वेन यांच्या 'ट्युटोरिअल डी' या भाषेतील 'समराइझ' ही क्रिया अधिक विचारपूर्वक घडविलेली दिसते. तीत 'पर' या शब्दाने गटांची यादी स्वतंत्रपणे सांगता येते. ही यादी विषयांच्या मूळ तक्त्यातून घेतली, तर ज्या विषयाची एकही नोंद नाही त्याच्यापुढे शून्य आपसूक येते. 'हॅविंग' अनावश्यक आहे, या त्यांच्या गाजलेल्या आक्षेपापेक्षा हा पर्याय महत्त्वाचा आहे. कारण गटांची यादी कोणी पुरवावी, या प्रश्नाला तो उत्तर देतो.

६. लहान गट : वगळणे आणि लपविणे

'हॅविंग'चा आणखी एक सर्रास वापर म्हणजे किमान संख्येची अट : पाच किंवा अधिक ओळी असलेलेच गट दाखवावेत. या अटीमागे दोन भिन्न हेतू असू शकतात.

पहिला हेतू संख्याशास्त्रीय आहे. लहान गटाची सरासरी अधिक अस्थिर असते. हॉवर्ड वेनर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात या दुर्लक्षित नियमाचे परिणाम दाखविले आहेत. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सर्वांत कमी आणि सर्वांत अधिक प्रमाण, दोन्ही कमी लोकसंख्येच्या परगण्यांत आढळते. छोट्या शाळाही गुणवत्ता यादीच्या दोन्ही टोकांना गर्दी करतात. वरील उदाहरणात संस्कृत ६० च्या सरासरीने अग्रस्थानी आहे. पण तेथे विद्यार्थी दोनच आहेत. किमान संख्येची अट न घालता क्रमवारी लावणे येथे फसवे ठरू शकते.

दुसरा हेतू खासगीपणाचा आहे. लतान्या स्वीनी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या 'के-अनॉनिमिटी' या कल्पनेनुसार, ओळख पटविण्यास उपयोगी पडणाऱ्या माहितीचा प्रत्येक संयोग किमान 'के' व्यक्तींना लागू असला पाहिजे. असा संयोग शोधण्याचे साधन म्हणजे 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग' हीच जोडी : जन्मवर्ष, लिंग आणि पिनकोड यांवर गट करावेत आणि ज्यांत 'के'पेक्षा कमी ओळी आहेत ते वेगळे काढावेत.

परंतु केवळ लहान गट वगळल्याने तो लपत नाही. संस्कृत वगळून इतर तीन विषयांची संख्या आणि सरासरी छापली, आणि शेजारीच एकूण १८ विद्यार्थी व एकूण सरासरी ४३.३३ असे लिहिले, तर वजाबाकीने संस्कृतचे दोन विद्यार्थी आणि त्यांची ६० ही सरासरी कोणीही काढू शकतो. मग त्या दोघांपैकी एकाला आपले गुण ठाऊक असल्याने दुसऱ्याचे गुणही कळतात.

उलट बाजूने, लपविण्याची गरज नसतानाही हीच अट काहींना अदृश्य करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. साठ जागांच्या वर्गात या तीन जागा होतात. अहवालात 'पाच किंवा अधिक' अशी अट असेल, तर सर्व तीन जागा भरल्या तरी हा गट त्या वर्गाच्या अहवालात कधीही दिसणार नाही; एकही भरली नाही तरी दिसणार नाही. कायद्याचे पालन आणि उल्लंघन यांचे उत्तर तेथे सारखेच कोरे असेल. अशा वेळी लहान गट 'इतर' या नावाखाली एकत्र करणे, किंवा किती गट व किती विद्यार्थी वगळले याची तळटीप देणे, हा किमान शिष्टाचार मानला पाहिजे. ही तळटीप देताना वर सांगितलेला वजाबाकीचा धोका मात्र तपासून घ्यावा लागतो.

७. अध्यापनाच्या दिशेने

या चर्चेतून अध्यापनासाठी काही सूचना निघतात. 'हॅविंग' शिकविण्यापूर्वी तक्त्यातील एक ओळ म्हणजे काय, हे विद्यार्थ्याकडून मराठीत एका वाक्यात लिहून घ्यावे. त्यानंतर अटीतील 'ज्या' कोणत्या नामाला लागतो, ते विचारावे. एकाच प्रश्नाच्या दोन क्वेऱ्या, एक 'व्हेअर'सह आणि एक त्याशिवाय, फळ्यावर मांडून त्यांची उत्तरे का वेगळी आली, याचे स्पष्टीकरण मागावे. सरावाच्या तक्त्यात एक रिकामा विषय, एक संपूर्ण गैरहजर विषय आणि एक दोन विद्यार्थ्यांचा विषय हेतुपुरस्सर ठेवावा. सरावाची माहिती नीटनेटकी असेल, तर चुकीची क्वेरीही योग्य उत्तर देते आणि विद्यार्थ्याला आपली चूक कळतच नाही.

प्रश्नपत्रिकेचाही येथे विचार व्हावा. 'व्हेअर आणि हॅविंग यांतील फरक लिहा' हा प्रश्न स्मरणशक्ती तपासतो. 'पुढील क्वेरीच्या उत्तरात कोणता विषय दिसणार नाही आणि का?' हा प्रश्न समज तपासतो. दुसरा प्रश्न तपासण्यास थोडा अधिक वेळ लागेल. परंतु अहवाल तयार करण्याचे काम पुढे ज्याच्याकडे जाणार आहे, त्याच्यासाठी तोच उपयुक्त आहे.

निष्कर्ष

'हॅविंग' हे उपवाक्य एका विशिष्ट काळाच्या गरजेतून जन्मले. १९९२ नंतर तर्काच्या दृष्टीने त्याची आवश्यकता उरली नाही, तरी वाचनसुलभतेमुळे आणि सवयीमुळे ते टिकून आहे आणि नजीकच्या काळात ते लोप पावेल असे दिसत नाही. त्यावरील पारंपरिक टीका शब्दांच्या पुनरुक्तीवर बोट ठेवते. ती योग्य असली तरी तिच्यामुळे अधिक गंभीर मर्यादा झाकली जाते. ओळींतून जन्मलेल्या गटांपलीकडे 'हॅविंग'ला काही दिसत नाही. ज्यांची नोंद नाही, ज्यांची नोंद आधीच्या चाळणीत गळली आणि ज्यांची मूल्ये अज्ञात आहेत, ते सर्व उत्तराबाहेर राहतात. आणि आपण काही वगळले आहे, हे उत्तर स्वतःहून सांगत नाही.

म्हणून गटवार अहवाल लिहिणाऱ्याने आणि तो स्वीकारणाऱ्यानेही तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल : गटांची यादी कोठून घेतली, गट करण्यापूर्वी काय गाळले आणि गट केल्यानंतर किती गट वगळले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विषयांच्या, वर्गांच्या किंवा प्रवर्गांच्या मूळ यादीतून आले असेल, तरच अहवालातील शून्य वाचकापर्यंत पोहोचेल. इतिहासाच्या त्या पाच अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी पूरक वर्ग सुरू करावयाचा असेल, तर आधी इतिहास हा विषय यादीत दिसला पाहिजे.